ठकूची राखण

"झोप लागली माका. तीनदा सांगून झाला. आणखी किती वेळा सांगू?"

ठकू देवळाच्या पायरीवर बसली होती. उभं राहून भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, म्हणून ती बसून भांडत होती. समोर सभामंडपात सगळा पाणखोल गाव जमलेला, आणि सगळ्यांच्या पुढे तिचा धाकटा भाऊ जानू, हातात भाताची एक जुडी घेऊन. जुडीतल्या लोंब्या पांढऱ्याफटक. खारं पाणी लागलं की भाताचं असंच होतं. दाण्याच्या जागी नुसतं टरफल राहतं.

"झोप लागली म्हणजे काय, आक्का?" जानू म्हणाला. "तू झोपलंस आणि उधाणाचा पाणी माझ्या चार मळ्यांत शिरला. ह्या बघ. ह्या पोरांच्या ताटात वाढू?"

"वाढू नको. माझ्या वाट्याचा भात घेवन जा."

"तुझ्या वाट्याक गाव देता ता तुका एकटीक पुरणा नाय. माझी पोरां पाच."

जानूची बायको सुंदरा खांबाआडून म्हणाली, "झोपाचाच होता तर घराकडे झोपाचा. थंय निदान वाकळ तरी आसा."

मागची माणसं हसली. ठकूलाही हसू येणार होतं, पण तिने ते गिळलं, कारण सुंदराचं बोलणं खोटं नव्हतं. गेली कित्येक वर्षं तिची पाठ वाकळीला लागली नव्हती.

तातू गावकार पुढे झाला. गावकार म्हणजे गावाचा मानकरी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याच्या हातात पाण्यात भिजवलेल्या कळ्या होत्या.

"भांडान काय होवचा नाय," तो म्हणाला. "देवीक विचारूया. बांधातल्या उघाडीचा दार कायमचा बंद करूचा की नाय, काय तो कौल लागांदे."

"परत विचारूचा आसा?" ठकू म्हणाली. "मागच्या खेपेक काय विचारलात, ता आठवता?"

तातूचा हात थांबला.

मागच्या खेपेला त्यांनी काय विचारलं होतं ते आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर या भांडणात कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं ते कळायचं नाही. आणि तसंही, भांडण सकाळपासून चाललं आहे. अजून थोडा वेळ चाललं तर कुणाचं काही जात नाही.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तेव्हा लावलेले माड म्हातारे होऊन पडले आणि त्यांची खोडंही कुजून गेली इतक्या वर्षांपूर्वी, पाणखोलची खाडी माशांनी नुसती वळवळायची. बोय म्हणू नका, तामोशी म्हणू नका, चिंबोऱ्या तर चुलीपर्यंत चालत येतात असं म्हणत. चालत येत नव्हत्या. पण बाई खाडीवर गेली आणि रिकामी परतली असं होत नव्हतं, हे खरं. काठाने तिवरांचं रान होतं. तिवर म्हणजे खाऱ्या चिखलात उभी राहणारी झाडं, ज्यांची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. त्या मुळांत मासे वीत, कोळंबी वाढे, आणि थंडीच्या दिवसांत कुठून कुठून पाखरं येऊन बसत.

तिवरांच्या मागे एक लांब मातीचा बांध. बांधाच्या आत भाताच्या मळ्या. आणि बांधाच्या पोटात उघाडी. लाकडी चौकटीतली तीन दारं, वरून टांगलेली. दार उचलून खाली दांडका दिला की उघडं. दांडका काढला की भरतीचं पाणीच त्याला दाबून बंद करी. पावसाळ्यात भात उभं असलं की भरतीला दार बंद ठेवायचं आणि ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. भात कापून झालं की दार मोकळं, समुद्र आत, मळ्यांत मासे. सहा महिने भाताचे आणि सहा महिने पाण्याचे. हा हिशेब कुणी लिहून ठेवला नव्हता. तो ठकूच्या बापाच्या डोक्यात होता, कारण उघाडी राखायचं काम त्याच्या घराण्याचं. भरती केव्हा वळणार हे तो नाकाने ओळखे, असं म्हणतात. ठकूने ते बघून बघून उचललं. शाळा तिने बघितली नव्हती. चिखल मात्र पुष्कळ बघितला होता.

मग गावाला हाव सुटली. हाव म्हणायला कुणाला आवडत नाही, पण दुसरा शब्द काय वापरायचा? आजूबाजूच्या गावांत लोक उन्हाळ्याचं भात घ्यायला लागले होते. त्याला वायंगण म्हणतात. पाणखोलवाल्यांनी विचार केला, की हे सहा महिने समुद्राला का द्यायचे? बांध दोन हात उंच करू, दारं खिळून टाकू, वर्षाला दोन पिकं घेऊ.

आणि रीतीप्रमाणे ते देवीकडे गेले. ग्रामदेवी पावणाईच्या अंगाला भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी कळी पडली की होय, डावी पडली की नाही. तातूचा बाप तेव्हा गावकार. त्याने सगळ्या गावाच्या वतीने विचारलं, "आई, बांध टिकतलो की नाय? टिकतलो तर उजवी दी."

उजवी कळी टपकन पडली. लोकांनी ढोल वाजवला.

आता बघा. देवी खोटं बोलली का? बांध टिकला. आजही आहे. पण खाडीचं काय होईल, असं कुणी विचारलंच नव्हतं. मासे राहतील का, गोड्या विहिरी राहतील का, माणसं राहतील का, यातलं काहीच नाही. एवढा मोठा गाव, एवढे शहाणे मानकरी, आणि देवीपुढे उभं राहून मातीच्या ढिगाची चौकशी करून घरी आले. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावाने केली असती असं वाटत नाही. पाणखोलवाले विचारण्यात फार काटेकोर.

दारांत बोटभर जाडीचे खिळे ठोकले. ते ठोकायला ठकूच्या बापाला बोलावलं, कारण उघाडीला हात लावायचा मान त्याचा. त्याने ते ठोकले, घरी येऊन आडवा झाला, आणि पुन्हा उठला नाही.

समुद्र बंद झाला, मग तिवर कशाला हवेत? ते तोडले. काही चुलीत गेले, काही चुन्याच्या भट्टीत. पहिली तीन वर्षं दोन-दोन पिकं आली. लग्नं धडाक्यात झाली. ठकूचंही त्यातच झालं. नवरा गावातलाच, पाग म्हणजे फेकजाळं टाकणारा, उंच आणि अबोल.

चौथ्या वर्षी मळ्यांवर तांबूस साय धरली आणि भात पिवळं पडलं. पाचव्या वर्षी आतलं साचलेलं पाणी कुजलं, डास उठले, घराघरात हिवताप शिरला. बाहेरच्या अंगाला खाडीत पाणी पूर्वीसारखं आत-बाहेर होत नव्हतं, त्यामुळे तिच्या तोंडाशी समुद्राने वाळू आणून टाकायला सुरुवात केली. वाळूचा दांडा वाढत वाढत एक दिवस या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला; भरतीचं पाणी तेवढं त्याच्यावरून थोडंथोडं ये-जा करी. होड्या आत अडकल्या त्या अडकल्याच. मासे कुठे गेले ते माशांना माहीत.

माणसंही निघाली. ठकूचा नवरा दूरच्या बंदरात दुसऱ्याच्या गलबतावर कामाला गेला. जाताना म्हणाला, "खाडी झाली की येतंय." खाडी झाली, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखी झाली की. असं बोलून तो गेला आणि तिकडेच तापाने गेला. निरोप आला तेव्हा ठकू बांधावर बसली होती. तिने निरोप्याला पाणी दिलं, आणि तो गेल्यावर उघाडीच्या खिळ्यांकडे बघत बसली.

इथून पुढची गोष्ट ज्याला त्याला वेगळी माहीत आहे.

असं म्हणतात की ठकूने ते खिळे दाताने उपटले. असंही म्हणतात की खाडीतल्या सगळ्या चिंबोऱ्या एका उधाणाला जमल्या आणि त्यांनी नांग्यांनी ते ओढून काढले. ऐकायला बरं वाटतं. जुन्या बाया मात्र असं सांगत, की ठकूने खिळ्यांना हातसुद्धा लावला नाही. तिने रोज बाहेरच्या अंगाने एक हंडा खारं पाणी आणलं आणि खिळ्यांच्या माथ्यावर ओतलं. दोन वर्षं. लोकांना वाटलं, नवरा गेल्यामुळे डोक्यावर परिणाम झाला, बिचारी बापाच्या उघाडीला आंघोळ घालते. कुणी अडवलं नाही. वेड्या बाईला कोण अडवतो? आणि एका सकाळी गंजाने खाल्लेले खिळे तुटले, तिन्ही दारं एकामागून एक धाडधाड आपटली, आणि सात वर्षांचं कुजकं पाणी बाहेर धावलं.

गाव धावत आला. तातूचा बाप ओरडला, "खिळे कोणी काढल्यान?"

"मी हात लावूक नाय," ठकू म्हणाली. "देवीक विचारा."

कुणी विचारलं नाही. वायंगण तसंही मेलेलं होतं. लोक दमले होते, आणि दमलेल्या लोकांनी दार उघडं राहू दिलं.

पण नुसत्या दाराने खाडी होत नाही. पाणी आत-बाहेर करू लागलं तसा उघडा पडलेला बांध ढासळू लागला, कारण त्याच्या पुढे लाटा अंगावर घ्यायला तिवर नव्हते. तेव्हा ठकूने डोक्यावर डाली, म्हणजे विणलेली टोपली, घेतली आणि तीन कोसांवरच्या परक्या खाडीवर गेली. तिथे कांदळाची झाडं होती, तीही तिवरांतलीच. त्यांना शेवग्यासारख्या लांब शेंगा लागतात. त्या झाडावरच अंकुरतात आणि टोकाने चिखलात पडल्या तर उभ्याच्या उभ्या रुजतात. तिने डालीभर शेंगा आणल्या आणि ओहोटीच्या चिखलात खोवल्या, एका पावलाला एक.

पहिल्या वर्षीच्या सगळ्या लाटांनी नेल्या. दुसऱ्या वर्षीच्या म्हशींनी खाल्ल्या, आणि त्यात जानूची म्हैस होती. तिसऱ्या वर्षी तिने पुढे मेढी पुरून झावळ्यांचा कूड घातला. तेव्हा निम्म्या वाचल्या, आणि निम्म्या गावातल्या माणसांनी सरपणासाठी कूड उचलून नेल्यामुळे मेल्या. चौथ्या वर्षी तिने पुन्हा डाली उचलली.

लोक विचारत, "ठकूकाकी, अजून किती?"

"चिखल संपापर्यंत," ती म्हणे.

बारा वर्षं. असं म्हणतात की ती चिखलात उतरली की भरती तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबायची, आणि हातातली शेंग रोवून झाल्याशिवाय वर चढायची नाही. थांबतही असेल. इतक्या दमलेल्या बाईला बघून कुणीतरी थांबायला हवं होतं. माणसं थांबली नाहीत, पाणी थांबलं. असंही म्हणतात की तिच्या पोटऱ्यांवर कालवं धरली होती, आणि अंगणात पाय धुतले की खाली झिंगे पडायचे. तेवढं मात्र कुणी खोटं म्हणत नाही, कारण तिचे पाय गावाने बघितले होते. भेगांत चिखल जाऊन जाऊन ते तिवराच्या मुळांसारखेच झाले होते.

आणि एका आषाढात, अमावास्येच्या उधाणाला, खाडीच्या तोंडाशी गडगडाट झाला. आतून ओहोटीचं पाणी आणि बाहेरून समुद्र, दोघांनी मिळून वाळूचा दांडा फोडला. तिसऱ्या दिवशी तातूच्या बापाच्या जाळ्यात एक बोय आली. एकच. त्याने ती घरी नेली नाही. वाटेने जाताना ठकूच्या दारात ठेवली आणि गेला. ठकूने ती खाल्ली की सोडली याबद्दल दोन मतं आहेत. बारा वर्षं उपाशी चिखल तुडवलेली बाई मासा सोडून देईल असं मानणाऱ्यांनी खुशाल मानावं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी ते मोठं वादळ आलं. समुद्र माडाएवढा उठला. शेजारची गावं धुऊन निघाली. पाणखोलला पाणी तिवरांत शिरलं, मुळामुळांतून वाट काढता काढता दमलं, आणि बांधापाशी पोचलं तेव्हा त्याच्यात एक म्हातारं कुत्रं वाहून नेण्याचंही त्राण नव्हतं, असं म्हणतात. बांध टिकला. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की देवीने काय उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी काय विचारायला हवं होतं.

मग चांगली वर्षं आली. चांगल्या वर्षांचं एक वाईट असतं, की त्यांत माणसं विसरतात. सहा महिने भात, सहा महिने मासे, सगळं पहिल्यासारखं सुरू झालं, आणि ते आपोआपच चालतं असं सगळ्यांना वाटू लागलं. आपोआप काही चालत नव्हतं. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. तीन दारं. आणि ठकू एकटी. उघाडी तिच्या घराण्याची, म्हणून तीच राखणार. दुसऱ्या कुणी दांडक्याला हात लावला तर मानाचा प्रश्न. मदत करायला पुढे होणं म्हणजे ठकूचा मान घेणं, असं लोक म्हणत, आणि घरी जाऊन जेवून झोपत. ठकूही गप्प राहिली, हे खरं सांगितलं पाहिजे. मान तिलाही हवा होता. ती गर्वाची बाई होती.

साठी उलटली. डोळे जड होऊ लागले. त्या भाद्रपदात पाऊस फार झाला, मळ्या तुडुंब भरल्या. अमावास्येच्या दुपारी तिने ओहोटीला तिन्ही दारं उचलून दांडके दिले आणि पाणी जाताना बघत बसली. भरती वळायच्या आत दांडके काढायचे होते. पाण्याचा आवाज एकसारखा, ऊन उतरलेलं, पाठीला तिवराची सावली. तिने डोळे एकदाच मिटले.

उठली तेव्हा समुद्र जानूच्या मळ्यांत होता. भात नुकतं पोटरीतून लोंबीवर आलेलं.

तर असं ते भांडण.

"आठवता," तातू देवळात म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "बापाशीन काय विचारल्यान ता माका आठवता. म्हणानच ह्या खेपेक नीट विचारूया."

"नीट म्हणजे कसा?"

"दार बंद करूचा की नाय. इतक्याच."

"आणि देवी हो म्हणाली तर?"

 उत्तर जानूने दिलं. त्याने भाताची जुडी पायरीवर, तिच्या पायापाशी ठेवली.

"आक्का, मी तुझ्या वायटावर नाय. पण तू आज झोपलंस. उद्या मरशीत. मगे कोण बसतला थंय? दारां तीन, भरती दोनदा. कोणाकडे वेळ आसा? त्यापेक्षा खिळे मारलेले बरे. निदान माझी पोरां एक वर्ष तरी पोटभर जेवतीत."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर ठकूने त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. जीभ तिची दुबळी नव्हती. पण तो दमून बोलला, आणि ते तिला ओळखता आलं. तिच्या मनात आलं, की याचं खरं आहे. आपण मरणार. आपल्यामागे बसायला कुणी नाही, कारण आपण कुणाला बसू दिलं नाही. बारा वर्षांच्या शेंगा, दोन वर्षांचे हंडे, सगळं तीन दांडक्यांवर टेकलेलं आहे, आणि ते दांडके या म्हाताऱ्या हातांतून सुटले आहेत.

तिने पायांकडे बघितलं. मग बांधाकडे. देवळाच्या पायरीवरून बांध दिसतो. त्याच्या अलीकडे मळ्या आणि घरं, पलीकडे तिवर आणि पाणी.  मग ती एक वाक्य बोलली, आणि भांडण संपलं.

ते वाक्य गोष्टीच्या अगदी शेवटी सांगायची पाणखोलची रीत आहे, कारण त्याच्यानंतर कुणी काही बोलायचं नसतं. म्हणून पुढचं आधी ऐका.

तातूने हातातल्या कळ्या देवीला लावल्या नाहीत. तो त्या तशाच घेऊन बांधावर गेला आणि खाडीत सोडून दिल्या. तेव्हापासून पाणखोलला सगळ्या गोष्टींचा कौल लावतात, लग्नाचा लावतात, घराच्या पायाचा लावतात, पण खाडीचा लावत नाहीत. दर वर्षी गावकार भिजवलेल्या कळ्या घेऊन बांधावर उभा राहतो, काही विचारत नाही, आणि त्या पाण्यात टाकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला जानू उघाडीवर आला. पांढऱ्या लोंब्यांची आग त्याच्या मनातून गेलेली नव्हती. त्याने तोंड वाकडं करून दांडक्याला हात घातला आणि म्हणाला, "तू नीज." ठकू तिथेच बांधावर आडवी झाली आणि तिला झोप लागली. ती दोन भरत्या आणि दोन ओहोट्या झोपली असं म्हणतात. सुंदराने येऊन तिच्यावर वाकळ घातली. घालताना काहीतरी टोचून बोललीच असणार, पण ते कुणी ऐकलं नाही.

त्यानंतर ठकू सात वर्षं जगली. आठव्या वर्षी एका ओहोटीला ती डाली घेऊन बांधाच्या बाहेरच्या अंगाने चिखलात उतरली. भरती आली आणि गेली, ठकू वर आली नाही. लोक शोधायला उतरले तेव्हा डाली चिखलात रुतलेली मिळाली, आणि तिच्या विणीतून मुळं फुटून खाली गेलेली. एका भरतीत मुळं कशी फुटतील, असं विचारणारे विचारतात. विचारू देत. त्या जागी आज एक कांदळ आहे, बसलेल्या बाईसारखं वाकलेलं. मोठ्या उधाणाला बाकीची झाडं शेंड्यापर्यंत बुडतात. त्या झाडाच्या गुडघ्यापाशी पाणी थांबतं, असं म्हणतात.

तिचं देऊळ नाही. एक दगड आहे, आणि तो बांधाच्या बाहेरच्या अंगाला आहे. दिवसातून दोनदा बुडतो. नव्या माणसांना वाटतं, इतक्या मानाच्या बाईचा दगड गावाने बाहेर का ठेवला? आत आणू या, शेंदूर टिकेल, दिवा राहील. एकदा कुणीतरी खरंच आत आणून ठेवला होता. म्हाताऱ्या बायांनी शिव्या घालून तो परत बाहेर ठेवायला लावला.

गणपती पाण्यात गेल्यावर जी पहिली भांग येते, म्हणजे लहान भरतीचे शांत दिवस, तेव्हा प्रत्येक घरातली माणसं बाहेरच्या अंगाने उतरतात आणि घरात जितकी माणसं तितक्या शेंगा रोवतात. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर त्याचीही एक. जगतील तितक्या जगतात. न जगलेल्यांच्या जागी पुढच्या वर्षी पुन्हा.

आणि उघाडीची राखण. ती आता कुणा एका घराण्याची नाही. ती घरोघर फिरते, आणि ती नेहमी दोघांची असते. एकाने जागायचं, दांडके सांभाळायचे. दुसऱ्याने तिथेच बांधावर वाकळ पसरून झोपायचं. झोपणाऱ्याला आळशी समजत नाहीत. झोपायची राखणही राखणच. ती चुकवली तर जागण्याची चुकवल्याइतकाच दोष लागतो. झोपणारा आडवा होण्याआधी खाडीकडे तोंड करून म्हणतो, "ठकूच्या वाट्याची." मग पांघरूण घेतो. नवी सून घरात आली की पहिली राखण तिची, आणि पहिल्या खेपेला ती जागत नाही, झोपते. आपल्याला दुसऱ्या कुणाच्या भरवशावर झोपता येतं, हे तिला आधी कळावं म्हणून.

आता ते वाक्य. देवळात सगळा गाव उभा होता. तातूच्या हातात कळ्या, जानूची जुडी पायरीवर. ठकूने गुडघ्यांवर हात टेकले आणि पहिल्यांदाच उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही. जानूलाही नाही, तातूलाही नाही, सगळ्यांना मिळून म्हणाली:

"दार लावूचा आसात तर लावा, पण माका आत ठेवू नकात, माका पाण्याच्या आंगाक ठेवा आणि मगे खिळे मारा."